शहरात समग्र शिक्षणाचे केंद्र कसे उभारावे: पहिल्या विचारापासून दुसऱ्या सत्रापर्यंत

दिवसभराचे काम आटोपून एखादा माणूस संध्याकाळी सात वाजता योगवर्गाला, मातीकामाला किंवा संवादगटाला येतो, दीड तास थांबतो आणि त्याच रात्री आपल्या घरी परततो. शरीर, भावना, बुद्धी, हात आणि परस्परसंबंध यांचे शिक्षण एकत्र देणाऱ्या, म्हणजेच समग्र शिक्षणाच्या शहरी केंद्राचे वेगळेपण या एका फेरीत आहे. निवासी शिबिरात माणूस चार-पाच दिवस आपल्या रोजच्या आयुष्यापासून दूर राहतो, तेथे त्याला खूप काही गवसते, आणि परतल्यावर आठवडाभरात त्यातले बरेचसे ओसरते. शहरातील केंद्रात शिकलेली गोष्ट मात्र त्याच रात्री, त्याच घरात, त्याच माणसांमध्ये वापरून पाहावी लागते. त्यामुळे अशा केंद्राची पारख उद्घाटनाच्या गर्दीवरून करता येत नाही. आलेला माणूस आठव्या आठवड्यातही स्वतःच्या इच्छेने येतो का, आणि यायचे नसेल तेव्हा भीड न बाळगता थांबू शकतो का, हे दोन प्रश्न मला निर्णायक वाटतात. पुढील सर्व पायऱ्या मी याच दोन प्रश्नांवर पारखून मांडल्या आहेत.

पहिली पायरी: हेतू लिहून काढा, आणि काय करणार नाही तेही लिहा

प्रौढांना परीक्षेविना, पदवीविना, जगण्यासाठी शिकता यावे ही कल्पना नवी नाही. डेन्मार्कमध्ये धर्मोपदेशक आणि विचारवंत ग्रुंटविग यांच्या विचारातून १८४४ मध्ये रॉडिंग येथे पहिले लोकविद्यालय सुरू झाले. ग्रामीण तरुणांनी एकत्र राहून बोलावे, गावे, विचार करावा आणि आपल्या गावी परतावे, असा त्याचा हेतू होता. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९०१ मध्ये शांतिनिकेतनात शाळा सुरू केली आणि १९२२ मध्ये इंग्रज शेतीतज्ज्ञ लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साहाय्याने श्रीनिकेतनात ग्रामपुनर्रचनेचे काम उभे केले. त्याच एल्महर्स्ट यांनी पत्नी डोरोथी यांच्यासह १९२५ पासून इंग्लंडमधील डेव्हनमध्ये डार्टिंग्टन हॉलचा प्रयोग केला, ज्यात शेती, कला आणि शिक्षण यांना एकाच आवारात जागा होती. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बिग सर येथे मायकल मर्फी आणि डिक प्राइस यांनी १९६२ मध्ये एसालेन संस्था स्थापन केली. पुढे १९८४ मध्ये न्यूयॉर्क ओपन सेंटर सुरू झाले आणि अशा प्रकारचे शिक्षण महानगराच्या मध्यवस्तीत, कामावरून सुटणाऱ्या माणसाच्या वाटेवर आले.

या प्रत्येक ठिकाणाने स्वतःला एक ठरावीक प्रश्न विचारला होता. तुमच्या केंद्राचाही एकच प्रश्न असावा. ‘समग्र’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्याखाली काहीही खपवता येते, आणि नेमकी तीच त्याची जोखीम आहे. म्हणून कागदावर तीनच वाक्ये लिहावीत: येथे प्रामुख्याने कोणी यावे असे आम्हाला वाटते; शरीर, भावना, बुद्धी, हात आणि परस्परसंबंध यांपैकी कशापासून आम्ही सुरुवात करणार आहोत; आणि आम्ही काय करणार नाही. तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. येथे कोणत्याही आजारावर उपचार केले जात नाहीत, आणि येथे शिकण्यासाठी कोणत्याही गुरूला, पंथाला किंवा विचारसरणीला मान्यता देण्याची अट नाही, हे पहिल्या दिवसापासून लेखी असेल, तर पुढच्या कितीतरी अडचणी दाराबाहेरच राहतात.

दुसरी पायरी: जागा घेण्यापूर्वी एक सत्र उसन्या खोलीत चालवा

जागेचा करार ही सर्वांत मोठी आणि सर्वांत उशिरा घ्यायची जबाबदारी आहे. वाचनालयाची वरची खोली, संध्याकाळी रिकामी राहणारी शाळा किंवा एखाद्या संस्थेचे सभागृह आठवड्यातून दोन संध्याकाळी मिळाले, तरी तीन महिन्यांत पुरेसे कळते. या काळात पंचवीस-तीस जणांशी निवांत बोलावे. ‘असे केंद्र निघाले तर तुम्ही याल का?’ हा प्रश्न मात्र विचारू नये, कारण त्याला सौजन्यापोटी सगळेच ‘हो’ म्हणतात. त्याऐवजी ‘गेल्या दोन वर्षांत तुम्ही स्वतःहून काय शिकायला घेतले होते आणि ते का सुटले?’ असे विचारावे. उत्तरांत वेळ, अंतर, मुलांची व्यवस्था, एकट्याने जाण्याचा संकोच, शिक्षकाचे बोलणे लागणे अशी कारणे येतील. केंद्राचा खरा आराखडा या कारणांच्या यादीतूनच तयार होतो.

तिसरी पायरी: जागा निवडा, आणि ती ऐकून निवडा

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डेनबर्ग यांनी १९८९ मध्ये ‘तिसऱ्या जागे’ची कल्पना मांडली: घर ही पहिली जागा, कामाचे ठिकाण ही दुसरी, आणि जेथे माणसे हुद्दा बाजूला ठेवून सहज एकत्र येतात ती तिसरी. शहरातील केंद्राने अशी तिसरी जागा व्हावे असे मनापासून वाटत असेल, तर ते लोकांच्या रोजच्या वाटेवर असले पाहिजे. रेल्वे स्थानक किंवा बसथांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या आत असलेली साधी जागा ही दूरच्या देखण्या जागेपेक्षा नेहमीच चांगली. वर्ग सुटल्यावर शेवटची गाडी कधी आहे आणि थांब्यापर्यंतचा रस्ता उजेडाचा आहे का, हे रात्री स्वतः चालून पाहावे.

किमान दोन खोल्या आणि एक मोकळी प्रवेशजागा हवी. एक खोली जमिनीवरच्या कामासाठी: योग, हालचाल, ध्यान. दुसरी बोलण्यासाठी आणि हस्तकलेसाठी. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत बसवल्या की दर दीड तासाने खुर्च्या आणि टेबले हलवण्यात स्वयंसेवक थकतात. मापांचा अंदाज असा करावा. योगाची चटई साधारण १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असते. हात दोन्ही बाजूंना पसरता यावेत म्हणून माणशी सुमारे तीन चौरस मीटर धरावेत, म्हणजे वीस जणांना साठ चौरस मीटर लागतात. संवादगटासाठी सोळा खुर्च्यांचे वर्तुळ मांडायचे असेल, तर प्रत्येक खुर्चीला ७५ सेंटिमीटर धरून परीघ १२ मीटर होतो आणि व्यास ३.८ मीटरच्या आसपास येतो. खुर्च्यांची खोली आणि मागून जाण्याची वाट मिळवली की खोलीची प्रत्येक बाजू किमान सव्वासहा मीटर असावी लागते. याहून लहान खोलीत वर्तुळ लंबगोल होते, कोपऱ्यातली माणसे एकमेकांना दिसत नाहीत, आणि जी दिसत नाहीत ती हळूहळू बोलेनाशी होतात.

जागा पाहायला जाताना मोजपट्टीबरोबर आणखी एक गोष्ट करावी. ज्या वेळी वर्ग घ्यायचा आहे, त्याच वारी आणि त्याच वेळी त्या खोलीत दिवे लावून, पंखा सुरू करून अर्धा तास काहीही न बोलता बसावे. दुपारी अगदी शांत वाटणाऱ्या खोलीत संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या सरकतात, शेजारच्या दुकानाचे शटर खाली येते, लिफ्टचे दार आपटते, आणि पंख्याच्या पात्याचा एक बारीक टक् असा आवाज पाच मिनिटांनी असह्य होतो. पंखा दुरुस्त करता येतो, जाड पडदे आणि जमिनीवरच्या सतरंज्या खोलीतला घुमारा कमी करतात. परंतु छतातून येणारा दणका कोणत्याही पडद्याने थांबत नाही. तो ऐकू आला, तर जागा सोडून द्यावी.

खेळती हवा हा विषय बहुतेक जण विसरतात. १८५८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी खोलीतील हवेची पारख कार्बन डायऑक्साइडवरून करावी असे सुचवले आणि दहा लाख भागांत एक हजार भाग ही मर्यादा सांगितली. आजही हा आकडा ढोबळ निकष म्हणून वापरला जातो. दारे-खिडक्या बंद करून वीस माणसे तासभर बसली की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, आणि ध्यानवर्गात येणारी पेंग अनेकदा मनाची नसून हवेची असते. हवा मोजणारे लहान यंत्र भिंतीवर लावावे आणि आकडा वाढला की खिडकी उघडण्याचे काम एका माणसाकडे द्यावे.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या व्यक्तीला दारात किमान ८० सेंटिमीटर मोकळी रुंदी आणि वळण्यासाठी सुमारे १५० सेंटिमीटर व्यासाची जागा लागते. स्वच्छतागृहातही हीच मापे पाळली गेली नाहीत, तर ‘सर्वांचे स्वागत आहे’ हा फलक खरा ठरत नाही.

चौथी पायरी: कार्यक्रम कमी ठेवा आणि तो आठवड्यांमध्ये पसरवा

पहिल्या सत्रात पाच किंवा सहा उपक्रम पुरेत. शरीराचे दोन, मनाचा एक, हाताने काही घडवण्याचा एक आणि विचार व संवादाचा एक, असा मेळ मला योग्य वाटतो. नवी केंद्रे उत्साहाच्या भरात वीस कार्यक्रम जाहीर करतात, प्रत्येकाला चार माणसे येतात, आणि रिकाम्या खोलीचा विरस पुढच्या आठवड्यातही रेंगाळतो.

शनिवार-रविवारची एकदिवसीय कार्यशाळा लोकांना ओळख करून देण्यासाठी चांगली; शिकण्यासाठी मात्र आठवड्यांचा क्रम लागतो. अंतराने केलेली उजळणी एकाच दमात केलेल्या उजळणीपेक्षा अधिक टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून १८८५ मध्ये दाखवले होते. याचा उत्तम नमुना जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात सुरू केलेल्या सजगतेच्या अभ्यासक्रमात दिसतो: आठ आठवडे, दर आठवड्याला सुमारे अडीच तासांचा एक वर्ग, घरी रोजचा सराव आणि शेवटच्या टप्प्यात एक पूर्ण दिवस मौनाचा. सराव घरी, अडचण वर्गात आणि पुन्हा सराव घरी, हे येणे-जाणे शहरातील केंद्राला जितके सहज साधते तितके दुसऱ्या कोणाला साधत नाही.

प्रत्येक विषयाला तीन पायऱ्या द्याव्यात. प्रथम दीड तासाचा परिचयवर्ग, ज्यानंतर नोंदणी करण्याचा आग्रह केला जात नाही. मग सहा ते आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम. आणि तो पूर्ण केलेल्यांसाठी शिक्षकाविना चालणारा साप्ताहिक सरावगट. तिसरी पायरी बहुतेक ठिकाणी नसते, आणि म्हणूनच अभ्यासक्रम संपताच माणसे पांगतात.

दीड तासाच्या वर्गाची मांडणी अशी करता येते. पहिली दहा मिनिटे बसणे, स्थिरावणे आणि ज्यांना वाटेल त्यांनी आठवड्याच्या सरावाविषयी दोन वाक्ये बोलणे. पुढची पंधरा मिनिटे शिक्षकाने एकच नवी गोष्ट सांगणे आणि करून दाखवणे. त्यानंतर पस्तीस-चाळीस मिनिटे प्रत्यक्ष सराव. नंतर पंधरा मिनिटे दोघा-दोघांत बोलणे, कारण मोठ्या वर्तुळात न बोलणारी व्यक्तीही एका माणसाशी बोलते. उरलेल्या वेळात घरचा सराव ठरवावा, आणि तो रोज दहा मिनिटांत होईल इतकाच असावा. वर्ग ठरलेल्या मिनिटाला संपला पाहिजे. घरी कोणीतरी वाट पाहत असते, आणि उशिरा सुटणाऱ्या वर्गाची किंमत तो माणूस घरी मोजत असतो.

ज्या परंपरेतून एखादी साधना आली आहे, तिचे नाव स्पष्ट घ्यावे. योग, विपश्यना, ताई ची किंवा झेन यांतील गोष्टी नाव बदलून, गुळगुळीत करून शिकवल्या की शिकणाऱ्याला पुढे कोठे आणि कोणाकडे शोधावे हेच कळत नाही.

पाचवी पायरी: मार्गदर्शक निवडा आणि येणाऱ्यांचे रक्षण करा

या पायरीवर मी सर्वाधिक वेळ देण्याचा आग्रह धरतो. मॉर्टन लीबरमन, अर्विन यालोम आणि मॅथ्यू माइल्स यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या भावनिक संवादगटांचा अभ्यास करून १९७३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. शंभरातील साधारण आठ-नऊ सहभागींना गट संपल्यानंतरही काही महिने टिकणारी मानसिक हानी झालेली आढळली. ही हानी सतत आव्हान देणाऱ्या, आक्रमक आणि व्यक्तिमत्त्वाच्या झळाळीवर गट चालवणाऱ्या मार्गदर्शकांकडे अधिक होती. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी की, कोणाला इजा झाली हे मार्गदर्शकांपेक्षा गटातील इतर सहभागींनी अधिक अचूक ओळखले होते.

यावरून निवडीची पद्धत ठरवता येते. उमेदवाराचे भाषण ऐकून निवड करू नये. त्याला खऱ्या माणसांचा एक वर्ग घ्यायला सांगावे आणि आपण मागे बसून त्याच्याऐवजी वर्गाकडे पाहावे. गुडघा दुखणाऱ्या व्यक्तीने आसन सोडून दिले, तेव्हा तो काय म्हणतो? ‘मला हे पटत नाही’ असे कोणी म्हटले, तर त्याचा चेहरा कसा होतो? नंतर त्याला विचारावे: तुम्ही कोणाला वर्गात घेत नाही, तुमच्या विषयाच्या मर्यादा कोणत्या, आणि अलीकडे तुम्ही स्वतः कोणाकडे शिकता? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर निवड लांबणीवर टाकावी.

निवड झाल्यावर लेखी करार करावा. मानधन आणि वर्ग रद्द होण्याचे नियम त्यात येतातच. त्याशिवाय सहभागींशी प्रेमसंबंध किंवा शारीरिक संबंध ठेवू नयेत, त्यांच्याशी खासगी आर्थिक व्यवहार करू नयेत, स्पर्श करून आसन सुधारण्यापूर्वी दर वेळी परवानगी घ्यावी, गटात बोललेले बाहेर नेऊ नये, कोणालाही डॉक्टरांचे औषध थांबवण्यास सांगू नये आणि आजार बरा करण्याचा दावा करू नये, ही कलमे स्पष्ट शब्दांत लिहावीत. मुलांचे उपक्रम असतील, तर एका वेळी दोन प्रौढ उपस्थित असावेत.

नोंदणीच्या अर्जात मान, पाठ, रक्तदाब, काचबिंदू, गरोदरपण आणि अलीकडची शस्त्रक्रिया यांविषयी विचारावे, कारण शीर्षासन किंवा सर्वांगासन यांसारख्या उलट्या स्थिती अशा व्यक्तींना अपायकारक ठरू शकतात. दीर्घ ध्यानातही काही जणांना भीती दाटून येते, जुना आघात पुन्हा अंगावर येतो किंवा झोप उडते. अशा वेळी ‘आणखी बसा, निघून जाईल’ हा सल्ला घातक आहे. डोळे उघडावेत, चालावे, सराव थांबवावा आणि बोलावे, हे प्रत्येक मार्गदर्शकाला ठाऊक हवे. आणि जवळच्या समुपदेशकांची, मानसोपचारतज्ज्ञांची आणि तातडीच्या मदतसेवेची अद्ययावत यादी कचेरीत हाताशी हवी.

तक्रार कोणाकडे करावी, याचे उत्तर दोन नावांचे असावे आणि त्यांतील एक व्यक्ती केंद्राच्या कारभाराबाहेरची असावी. संस्थापकाविरुद्धची तक्रारही त्याच वाटेने गेली पाहिजे. अशा संस्थांमध्ये विश्वासाचा गैरवापर झाला, तेव्हा बहुतेकदा लोकांना ते दिसत होते, परंतु सांगण्यासाठी जागा नव्हती. प्रत्येक सत्राच्या मध्यावर, मार्गदर्शक खोलीबाहेर असताना, ‘तुमच्या गटात कोणाला त्रास होतो आहे असे वाटते का?’ हा एक प्रश्न सर्वांना चिठ्ठीवर विचारावा.

सहावी पायरी: हिशेब अर्ध्या भरलेल्या खोलीवर मांडा

भाडे, मानधन, वीज, विमा आणि स्वच्छता यांचा मासिक खर्च काढून, सर्व वर्ग निम्मेच भरतील असे धरून तो निघतो का ते पाहावे. निघत नसेल, तर वर्ग वाढवण्यापूर्वी जागा लहान करावी. दिवसा रिकाम्या राहणाऱ्या खोल्या अन्य संस्थांना तासाप्रमाणे देता येतात. किमान सहा महिन्यांचे भाडे राखीव ठेवावे. मार्गदर्शकाला ठरावीक किमान मानधन आणि त्यावर नोंदणीनुसार वाटा दिला, तर गर्दी खेचण्याचा दबाव त्याच्या शिकवण्यावर येत नाही.

शुल्क तीन स्तरांत ठेवावे आणि कोणता स्तर परवडतो, हे येणाऱ्याने स्वतः ठरवावे. उत्पन्नाचा पुरावा मागू नये. वर्षभराची आगाऊ, परत न मिळणारी वर्गणी घेण्याचा मोह टाळावा. पैसे अडकल्यामुळे येणारा माणूस आणि ओढीने येणारा माणूस हजेरीपटावर सारखेच दिसतात, आणि मग केंद्राला स्वतःची खरी स्थिती कळत नाही.

सातवी पायरी: दारात माणूस ठेवा

पहिल्यांदा येणारी व्यक्ती सहसा दहा मिनिटे आधी पोहोचते. ती दारातून आत डोकावते, ओळखीच्या लोकांचे घोळके पाहते, मोबाईल काढून काहीतरी वाचल्यासारखे करते आणि चपला काढायच्या की नाही हे इतरांच्या पायांकडे पाहून ठरवते. याच वेळी कोणीतरी उठून जवळ गेले, आपले नाव सांगितले, चपला, पाणी आणि स्वच्छतागृह दाखवले आणि ‘मधेच बाहेर जावेसे वाटले तर खुशाल जा, कोणी विचारणार नाही’ एवढे सांगितले, तर तिचे खांदे सैल होतात. या कामासाठी सर्वांत योग्य माणूस म्हणजे मागच्या सत्रात स्वतः असा दारात उभा राहिलेला. वर्गानंतर वीस मिनिटे प्रवेशजागा उघडी ठेवावी, बसायला बाके असावीत आणि दिवे घाईने मालवू नयेत; कितीतरी ओळखी याच वीस मिनिटांत होतात.

आठवी पायरी: सत्र संपल्यावर दोन आठवडे थांबा

दोन सत्रांमध्ये दोन आठवड्यांची सुटी ठेवावी आणि त्या काळात हजेरीपट समोर घेऊन बसावे. अभिप्रायाच्या छापील अर्जात बहुतेक लोक चांगलेच लिहितात, म्हणून तीन गोष्टी मोजाव्यात: तिसऱ्या आठवड्यापर्यंत किती जण टिकले, शेवटच्या आठवड्याला किती जण होते, आणि किती जणांनी सरावगटात नाव दिले. जे मध्येच थांबले त्यांना एकदाच फोन करावा, परत बोलावण्यासाठी नव्हे तर कारण समजून घेण्यासाठी, आणि तसे आरंभीच सांगावे. तीन महिन्यांनी सर्वांना एकच प्रश्न पाठवावा: येथे शिकलेल्यांपैकी आज तुम्ही काय करता? ‘रात्री झोपण्यापूर्वी दहा मिनिटे बसतो’ किंवा ‘मुलीशी बोलताना आधी ऐकून घेतो’ असे एक उत्तर दहा प्रशस्तिपत्रांहून अधिक सांगते.

मग पुढच्या सत्राची आखणी करावी. एक उपक्रम बंद करावा, एकच नवा घ्यावा, उरलेल्यांच्या वेळा शक्यतो बदलू नयेत. पहिल्या सत्रातून आलेल्या दोघांना सरावगटाच्या खोलीची किल्ली द्यावी, दिवे आणि खिडक्यांची जबाबदारी समजावून सांगावी, आणि त्या संध्याकाळी संस्थापकाने केंद्रात जाऊ नये.